ल्यूपससाठी सेल थेरपीची चाचणी चालू आहे म्हणे, बहिणीचं नाव द्यावं का?

द्या की, पण ती खरोखरच चाचणी असेल तर. औषधाचे पैसे तुमच्याकडूनच मागत असतील, तर ते दुकान आहे.

आमच्या वन्संना ल्यूपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते; त्यांच्या लघवीतून प्रोटीन जातं. आमचे भाऊजी इंदूरच्याच एका क्लिनिकचं गुळगुळीत पत्रक घेऊन रामबागेतल्या घरी आले. 'स्टेम सेलने ऑटोइम्यून आजार मुळापासून बरा', मागच्या पानावर पॅकेजचे दर आणि खाली बारीक अक्षरात 'ट्रायल'. आम्ही दोघं तिथे गेलो. मी सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक विचारला, तर काउंटरवरच्या मुलीने पावतीपुस्तकाचा नंबर वाचून दाखवला! भाऊजी तिथेच सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला प्रत्येक कामात खोडा घालायचाच असतो." आजही सणावाराला जेवायला बसलो की हा विषय निघतोच.

बरं, भाऊजी पुरावा म्हणून दाखवायचे ती बातमी जर्मनीतल्या एर्लांगेनची. ते काम निराळंच आहे. गेओर्ग शेट यांच्या चमूने रुग्णाच्याच टी-पेशी (रक्तातल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढल्या, बी-पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखतील अशा बदलल्या आणि परत शरीरात सोडल्या. आपल्याच अंगावर उलटणाऱ्या अँटीबॉडी ज्या बी-पेशींपासून तयार होतात, त्यांचा या पेशी फडशा पाडतात. २०२४ साली त्यांनी १५ रुग्णांचे निकाल छापले, त्यांतले ८ ल्यूपसचे. सगळ्यांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद झाली. हे मोठंच आहे. पण १५च माणसं, आणि तुलनेला दुसरा गट नाही. म्हणून तर चाचण्या लागतात. पत्रकातल्या स्टेम सेलचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे भाऊजींना कोण सांगणार?

आपल्याकडे २०२३ मध्ये नेक्सकार१९ या अशाच बदललेल्या टी-पेशींच्या उपचाराला परवानगी मिळाली ती रक्ताच्या कॅन्सरसाठी, ल्यूपससाठी नव्हे.

नाव द्यायचंच ठरलं तर संमतीपत्र घरी आणून वाचा, इजा झाली तर भरपाई कोण देणार ते त्यात शोधा. हो, आणि मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. पेशी सोडल्यावर जोराचा ताप येऊ शकतो, जंतुसंसर्गाची भीती असते. त्याआधी बहुधा सायक्लोफॉस्फमाइड देतात, तेव्हा बहिणीला पुढे मूल हवं असेल तर डॉक्टरांशी ते आधीच बोलून घ्या.