बहावा उगवेना, जांभूळ टिकेना : देशी रोपांचे प्रश्न

प्रश्न : आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, उजाड टेकडीवर देशी झाडं लावायची म्हणून घरीच रोपं करतोय. बहाव्याच्या बिया पेरून दोन महिने झाले, एक पण कोंब नाही. जांभळाच्या बिया मस्त उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवल्या होत्या, त्याही आल्या नाहीत. बियाणंच खराब असेल का?

उत्तर : बियाणं बहुतेक चांगलंच असणार, फक्त दोघांचे स्वभाव एकदम उलटे आहेत. बहाव्याच्या बीचं कवच इतकं टणक असतं की पाणी आतच शिरत नाही, जंगलात शेंगा खाणाऱ्या प्राण्यांच्या पोटातून गेली की ते कवच जरा मऊ पडतं, ते काम आपल्याला हाताने करायचंय. पॉलिश पेपरवर बी एका बाजूने घासा, आतला फिकट भाग दिसेपर्यंतच, कोंब असतो ते टोक सोडून, मग रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेल्या बिया लगेच पेरा, न फुगलेल्या परत घासा.

जांभळाचं मात्र बी वाळलं की मेलं. गर धुवून काढायचा आणि ताजं असतानाच सावलीत पेरायचं, डबा-बिबा नकोच. एका बीतून दोन-तीन रोपं वर आली तर उपटून टाकू नका, जांभळात तसं होतं, जरा मोठी झाली की हळूच वेगळी करा. कडुनिंबाचंही बी काही आठवड्यांतच दम तोडतं. म्हणून सगळं गोळा करून मग एकदम पेरू असा प्लॅनच करू नका, जे फळ पिकेल ते त्याच वेळी पेरायचं.

आता तुम्ही विचारलं नाहीये पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते सांगतो, बिया किती झाडांच्या आहेत? एकाच भरभरून लागलेल्या झाडाखाली पोतं भरणं सोपं असतं, पण मग सगळी टेकडी भावंडांचीच होते, पुढे त्यांच्यातच परागीकरण होऊन बी कमजोर निघतं आणि एखादा रोग आला तर सगळ्यांना एकदमच धरतो. निदान 20-30 झाडं शोधा, एकमेकांपासून लांबलांबची, आणि तुमच्या टेकडीसारखीच माती नि पाऊस असलेल्या भागातली. प्रत्येकाच्या थोड्याच बिया घ्या, बाकी पाखरांना आणि जंगलाला राहू द्या.

प्रश्न : वडाच्या फांद्या लावून काम लवकर होईल ना?

उत्तर : होईल, वडाची जाड फांदी पावसाळ्यात छान धरते. पण फांदीतून आलेलं झाड म्हणजे तेच जुनं झाड, त्यामुळे इथेही वेगवेगळ्या वडांच्या फांद्या घ्या.

प्रश्न : रोपं पिशवीत दोन वर्षं वाढवून मोठी करून लावली तर जास्त जगतील का?

उत्तर : लहान पिशवीत इतके दिवस नको, मुळं तळाशी गोल फिरत राहतात आणि जमिनीत गेल्यावरही तशीच गुंडाळलेली राहतात, वरून झाड बरं दिसतं पण पकड नसते. लावायच्या महिनाभर आधी सावली आणि पाणी हळूहळू कमी करा. आणि खड्डे खणण्याआधी टेकडी एकदा नीट फिरून बघा, जुन्या बुंध्यांना फुटवे येत असतील तर त्यांना गुरं आणि वणव्यापासून सांभाळा, ती झाडं तुमच्या रोपांच्या आधी उभी राहतील कारण त्यांची मुळं आधीच खोल गेलेली असतात.