आधी पाणी, मग वाट

नाशिक

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. दिवाळीनंतर तुम्ही दुरुस्त केलेली किल्ल्याची वाट या जुलैत वाहून गेली, निम्मी मुलं आता फोन उचलत नाहीत, आणि एका दिवसात अख्खी वाट नवी करून देऊ म्हणणारी मोठी मोहीम आली आहे. तिला हो म्हणायचं का, असं तू विचारतेस. ‘काका, आमचं चुकलं कुठे?’ हे मात्र शेवटी एका ओळीत उरकलंस. मला खरा प्रश्न तोच वाटला.

तुम्ही वाट केलीत, पाण्याचं काहीच केलं नाहीत. त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरात चार महिने पाऊस कोसळतो. त्या पाण्याला खाली जायचंच असतं. गवत काढलेली, सरळ उताराची मोकळी वाट मिळाली की ते तिचाच ओहोळ करतं. आधी पाणी, मग वाट. पहिल्या रविवारी हेच सांगत होतो, पण तुम्हाला संध्याकाळपर्यंत माथा गाठायचा होता.

परतीचा पाऊस अजून बाकी आहे. एका सकाळी कुदळ-फावडं घरी ठेवून दोघं-तिघं वर जा. पाणी वाटेत कुठून शिरतं, किती लांब वाटेवरूनच धावतं, कुठे बाहेर पडतं, एवढंच बघा. शिरतं तिथे खुणेचा दगड ठेवा. विजा चमकायला लागल्या तर डोंगराच्या धारेवर थांबू नका, ओढा फुगला तर मागे फिरा. त्या एका सकाळीत जे कळेल ते उन्हाळ्यात महिनाभर फिरून कळणार नाही.

मग दिवाळीनंतर, जमिनीत ओल असेपर्यंत मातीकाम उरका. वाटेचा तळ दरीच्या बाजूला किंचित उतरता ठेवा, म्हणजे पाणी वाट ओलांडून जाईल, वाटेने धावणार नाही. पावलांनी मधला भाग खचतो आणि दरीकडच्या काठाला मातीचा वरंबा उरतो. तो पाणी कोंडतो, म्हणून दर मे महिन्यात तो फोडायचा. चढाच्या जागी वाटेवर दगडांची तिरकी ओळ घाला. दगडाचा बराचसा भाग जमिनीत, आणि खालच्या टोकाला पाण्याला मोकळं तोंड. ते तोंड पाल्याने बुजलं तर ती ओळ असून नसल्यासारखी. पायऱ्या नेहमी खालून वर रचायच्या, कारण वरचा दगड खालच्याच्या मागच्या कडेवर टेकला पाहिजे. एकट्याने सहज उचलता येतो तो दगड पायरीचा नव्हे. पहारीने ढकलत आणावा लागतो तो घे, फटीत चिपा ठोक, वर उभी राहून अंग हलव. जरासा डुलला तरी काढ आणि पुन्हा बसव. दिवसाला दोनच पायऱ्या झाल्या तरी चालेल! आणि जुन्या तटाचा, चौथऱ्याचा दगड कितीही जवळ पडला असला तरी त्याला हात लावायचा नाही.

तू हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांचा दाखला दिलास. त्या अखंड कातळात कोरलेल्या आहेत, हाताला खोबणीसुद्धा कातळातच. १८१८ मध्ये इंग्रजांनी हा मुलूख घेतला तेव्हा कित्येक किल्ल्यांचे चढायचे मार्ग उद्ध्वस्त केले. अलंग-मदन चढताना ते आजही दिसतं. कातळ फोडायला सुरुंग लागतो. आपली वाट मुरमाची आहे, तिला एक ओहोळ पुरतो. म्हणून पुन्हा सांगतो, आधी पाणी.

सिमेंटबद्दल लोक माझ्याविषयी काय बोलतात ते तुझ्याही कानावर आलं असेल. हटवादी म्हणतात. म्हणू देत. सिमेंटच्या पायरीखालची माती पाणी गुपचूप घेऊन जातं, वरून पायरी धड दिसते आणि एक दिवस माणसासकट बसते. दगडी ताल, म्हणजे माती धरणारा बांध, कोरडा रचला तर पाणी फटींतून निघून जातं. एखादा दगड सुटला तर दुसऱ्या दिवशी बसवता येतो. या एका गोष्टीवरून चांगली मुलं आमचा गट सोडून गेली. त्यांची आठवण येते, त्यांच्यासारखे हात पुन्हा मिळाले नाहीत. तरी आजही मी सिमेंटचं पोतं वर चढू देणार नाही.

दुसरा वाद मजुरीचा. पायथ्याच्या वाडीत दगड ओळखणारी माणसं आहेत. त्यांना बोलवायचं आणि दिवसाची पूर्ण मजुरी द्यायची, यावर मी अडून बसतो. ‘श्रमदानात पैसे कशाला?’ असं मला ऐकवलं गेलं. आपण रविवारी हौसेने येतो. त्यांचा रविवार रोजगाराचा असतो. शिवाय ती वाट आधी त्यांची आहे. मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईला आणि गुराख्याला ती बारा महिने लागते. वळण कुठे घ्यायचं हे त्यांना विचारलं नाहीस, तर तू आखलेल्या वाटेने कुणी जाणार नाही. मग दोन वळणांमधून आडवी चोरवाट पडते, आणि पाणी तीच धरतं. चोरवाटेवर पाटी लावून उपयोग नाही. तिच्या दोन्ही तोंडांना मोठे धोंडे आणि वाळकं काटेरी झुडूप टाका, आणि मूळ वाट चालायला सोपी करा. साल्हेर किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, आता आपल्या जिल्ह्यातल्या डोंगरांत गर्दी वाढेल; हे काम टाळून चालणार नाही.

गेलेल्या मुलांना मनवत बसू नकोस. तिघं उरलात तरी पुरे, पण तिघांनी पावसात वर जायला हवं.

त्या मोहिमेला सांग, माणसं नकोत. शंभर जण एका दिवसात वाटेवरचं गवत उपटतील आणि मुरूम उघडा करून निघून जातील. मदत करायचीच असेल तर दोन चांगल्या पहारी, एक घण, घमेली द्या, आणि वाडीतल्या दोघांची हिवाळ्यापुरती मजुरी द्या. नाही म्हणाले तर नाही. वन खात्याच्या परवानगीचा अर्ज आत्ताच कर, दिवाळीपर्यंत हातात हवी. किल्ल्याचा भाग संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्यालाही अर्ज लागेल. मसुदा मला दाखव, आणि पाणी कुठे कुठे शिरतं त्याचा कच्चा नकाशा सोबत आण. तो नसेल तर अर्ज मी वाचणार नाही.

तुझा,
काका