इमारत पाहावी की वॉर्ड?

प्रश्न : मुलीला बीएस्सी नर्सिंग करायचे आहे. एका महाविद्यालयाची इमारत देखणी आहे, तर दुसरे जुन्या जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले आहे. कोणते निवडावे?

उत्तर : नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता दोन्हीकडे असेल, तर आमचा कौल रुग्णालयाला आहे. चार वर्षांच्या या अभ्यासक्रमात प्रयोगशाळेत सरावाच्या पुतळ्यावर गिरवलेली चादरीची घडी, रुग्ण पलंगावर असताना त्याला कुशीवर वळवून, त्याच्या सलाइनच्या नळीला धक्का न लावता घालताना पहिल्या दिवशी बहुतेकींचे हात थरथरतात, आणि तेव्हा शेजारी शिक्षिका उभी असते की विद्यार्थिनीला नुसते वॉर्डात सोडून दिले जाते, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारावे. वसतिगृहापासून रुग्णालयापर्यंतची बसही विचारून घ्यावी.