‘मक्तेदारी’ टक्क्यांत मोजता येते का?

अर्थविषयक मजकुराचा मराठी अनुवाद करणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे की, ‘मक्तेदारी’, ‘एकाधिकार’ आणि ‘वर्चस्व’ हे तीन शब्द आपल्याकडे एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. स्पर्धा कायद्याविषयी लिहिताना ते तसे वापरले तर चालेल का? सोबत त्यांनी एक वाक्यही पाठवले आहे : ‘या कंपनीची बाजारपेठेत ६० टक्के मक्तेदारी असल्याने तिच्यावर कारवाई झाली.’ त्यांच्या संपादकांना या वाक्यात काही वावगे दिसले नाही, त्यांना स्वतःला मात्र ते खटकते आहे.

त्यांना खटकले ते योग्यच आहे. टक्के हिश्श्याला लावतात, मक्तेदारीला नव्हे. मक्तेदारी एक तर असते किंवा नसते. साठ टक्के मक्तेदारी म्हणजे उरलेल्या चाळीस टक्क्यांत दुसरे विक्रेते आहेत, आणि दुसरे विक्रेते आहेत म्हणजे मक्तेदारी नाही. वाक्यातली दुसरी चूक अधिक गंभीर आहे. मोठा हिस्सा असल्यामुळे कारवाई झाली असे ते सांगते, आणि आजचा भारतीय कायदा तसे म्हणत नाही. ही दुसरी चूक शब्दाच्या चुकीतून जन्मली आहे असे माझे मत आहे, म्हणून शब्दाच्या मुळापासून सुरुवात करतो.

‘मक्ता’ हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला; त्याचे मूळ अरबी असून त्यामागच्या धातूचा अर्थ कापणे, तोडणे असा आहे. सुलतानी अमदानीतला ‘इक्ता’ (महसूल वसुलीच्या हक्कासह तोडून दिलेला प्रदेश) आणि गझलेच्या शेवटच्या शेराला मिळालेले ‘मक्ता’ हे नाव, ही दोन्ही याच धातूची अपत्ये. आपण आजही ‘जमीन तोडून दिली’ असे म्हणतो, तीच कल्पना इथे आहे : सरकारने आपल्या अधिकारातला एक तुकडा ठरीव रकमेला, ठरीव मुदतीसाठी कोणाला तरी तोडून द्यायचा. जकातीचा मक्ता, अबकारीचा मक्ता, महालाच्या, म्हणजे महसुली विभागाच्या, वसुलीचा मक्ता असे प्रयोग जुन्या मराठीत भरपूर होते. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारात भरी आणि त्यावर जे वसूल होईल ते त्याचे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महालांची वसुली अशी बोली लावून देण्याचा प्रकार फार बोकाळला आणि त्याचा जाच रयतेला सोसावा लागला, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. जाच होणे त्या व्यवस्थेतच होते, कारण मुदत संपल्यावर मक्ता दुसऱ्याकडे जाणार असेल, तर मुदतीच्या आत जितके पिळता येईल तितके पिळण्यातच मक्तेदाराचा फायदा.

या इतिहासामुळे ‘मक्ता’ या शब्दात तीन गोष्टी कायमच्या रुतून बसल्या : देणारा कोणी तरी असतो, घेणारा एकटाच असतो, आणि बाकीच्यांना त्या क्षेत्रात पाऊल टाकण्याची मनाई असते. आपल्या वाक्प्रचाराने यातली पहिली गोष्ट फार जिवंत ठेवली आहे. ‘शहाणपणाचा मक्ता काय तुम्हीच घेतला आहे?’ असे आपण विचारतो, तेव्हा रोख समोरच्याच्या शहाणपणावर नसतो; तो हक्क तुम्हाला दिला कोणी, असा तो सवाल असतो. याच अर्थाने कोणी ‘शहाणपणावर वर्चस्व’ असे म्हणून पाहावे. वाक्य उभेच राहत नाही.

इंग्रजीतल्या ‘मोनोपॉली’ची घडण ग्रीक आहे, ‘एकटा’ आणि ‘विकणे’ या दोन शब्दांची. त्यात देणारा कोठेच दिसत नाही, म्हणून ‘मक्तेदारी’ हा त्याचा नेमका पर्याय नव्हे, असा आक्षेप कोणी घेऊ शकेल. पण शब्दाची घडण आणि शब्दाचा वापर या वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडमध्येही सोळाव्या-सतराव्या शतकात या शब्दाचा अर्थ प्रामुख्याने राजाने बहाल केलेला एकट्याचा हक्क असाच होता. खेळायच्या पत्त्यांच्या व्यापाराचा असा राजदत्त हक्क तिथल्या न्यायालयाने १६०२ च्या सुमारास एका प्रसिद्ध खटल्यात रद्द ठरवला आणि १६२४ मध्ये पार्लमेंटने कायदा करून अशा बहुतेक सनदा मोडीत काढल्या. ईस्ट इंडिया कंपनीला १६०० मध्ये मिळालेली सनद मात्र टिकली. भारताशी व्यापार करण्याचा तिचा एकटीचा हक्क १८१३ मध्ये आणि चीनच्या व्यापारातला १८३३ मध्ये गेला. कंपनीच्या या हक्काला ‘मक्ता’ म्हणणे अक्षरशः बरोबर ठरेल. तेव्हा ‘मोनोपॉली’साठी ‘मक्तेदारी’ हा शब्द ज्यांनी रूढ केला त्यांची निवड उत्तम होती. गोंधळ पुढे झाला, सरकारी सनदेशिवाय नुसत्या बाजारातल्या ताकदीने मोठ्या झालेल्या कंपन्यांनाही आपण तोच शब्द लावू लागलो तेव्हा.

विकसनशील देशांत या दोन गोष्टींची सरमिसळ होण्याला सबळ कारण आहे, कारण तिथे बाजारातली ताकद पुष्कळदा मक्त्यातूनच आलेली असते. आपलेच उदाहरण घ्या. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने कारखाना काढायला परवाना लागे आणि वाढवायलाही परवाना लागे. नव्या माणसाने त्या धंद्यात यायचे की नाही हे त्याच्या हुशारीवर किंवा भांडवलावर कमी आणि परवान्यावर अधिक ठरे. १९६४ मध्ये नेमलेल्या मक्तेदारी चौकशी आयोगाने, १९६७ च्या हजारी अहवालाने आणि १९६९ च्या दत्त समितीने या व्यवस्थेची चिकित्सा केली. मोठी घराणी परवाने आधीच पदरात पाडून घेतात आणि त्यामुळे इतरांची वाट अडते, हे त्यातून पुढे आले. परवाना हाच इथे मक्ता होता. त्याच १९६९ साली एमआरटीपी या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा मक्तेदारीविषयक कायदा संसदेने केला, पण त्याने मुख्यतः बोट ठेवले ते आकारावर : २० कोटी रुपयांहून अधिक मालमत्ता असलेल्या उद्योगसमूहांना विस्तारासाठी वेगळी मंजुरी लागू लागली. १९८५ मध्ये ही मर्यादा १०० कोटी झाली आणि १९९१ मध्ये ही पूर्वमंजुरीच गेली. एका हाताने परवान्यांचे मक्ते वाटणे आणि दुसऱ्या हाताने मोठेपणावर अंकुश ठेवणे अशी ही विसंगती दोन दशके चालली, आणि माझी खात्री आहे की ‘मोठा म्हणजे मक्तेदार, मक्तेदार म्हणजे गुन्हेगार’ हे समीकरण मराठी वृत्तपत्रांच्या भाषेत याच काळात पक्के झाले.

नव्या स्पर्धा कायद्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या राघवन समितीच्या अहवालानंतर आलेल्या २००२ च्या स्पर्धा कायद्याने हे समीकरण सोडून दिले. त्याच्या कलम ४ मध्ये मनाई आहे ती वर्चस्वाच्या गैरवापराला, वर्चस्वाला नाही. वर्चस्व म्हणजे काय, हेही त्या कलमात सांगितले आहे. संबंधित बाजारपेठेत, म्हणजे ज्या मालाची वा सेवेची ज्या भागात स्पर्धा चालते तिथे, उद्योगाला असलेली अशी बळकट स्थिती, की ज्यामुळे तो स्पर्धेच्या रेट्याची पर्वा न करता वागू शकतो, किंवा प्रतिस्पर्ध्यांवर, ग्राहकांवर अथवा त्या बाजारपेठेवर आपल्या बाजूने प्रभाव पाडू शकतो. या व्याख्येत टक्केवारीचा एकही आकडा नाही. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या कायद्याने मात्र आकडा घातला आहे. तिथे ४५ टक्के किंवा अधिक हिस्सा असलेली कंपनी वर्चस्व असलेली समजली जाते. तरीही तो आकडा वर्चस्व ठरवण्यापुरताच. गैरवापर वेगळा सिद्ध करावा लागतो.

इथे ‘वर्चस्व’ हाच शब्द हवा असे मी आग्रहाने म्हणतो, आणि त्याचे कारण व्युत्पत्तीत आहे. संस्कृत ‘वर्चस्’ म्हणजे तेज. तेज स्वतःचे असते, ते कोणी तोडून देत नाही. चांगला माल, कमी खर्च, नवे तंत्र यांच्या बळावर एखादी कंपनी पुढे गेली तर तिचे वर्चस्व झाले असे म्हणता येते आणि त्या म्हणण्यात दोषारोप नसतो. कायद्याला नेमका असाच, आधीच निकाल न देणारा शब्द लागतो. ‘मक्तेदारी’ उच्चारताच वाचकाच्या मनात आरोप सिद्ध झालेला असतो, मग ‘गैरवापर’ या शब्दाला करण्यासारखे काही उरत नाही. ‘प्रभुत्व’ हा दुसरा पर्याय काही जण सुचवतात, पण मराठीत आपण भाषेवर, विषयावर प्रभुत्व मिळवतो. बाजाराच्या संदर्भात तो शब्द नैपुण्याकडे झुकतो, ताकदीकडे नाही.

मूळ मजकुरातला फरक अनुवादात कसा नाहीसा होतो, हे मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका निकालपत्राच्या सारांशाचा मराठी मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. त्यात एका परिच्छेदात ‘कंपनीची मक्तेदारी आहे, परंतु तिने मक्तेदारी केलेली नाही’ असे वाक्य होते. वाचणारा गोंधळून जावा असेच ते होते. मुळात म्हणणे एवढेच होते की, कंपनीचे वर्चस्व आहे, पण त्याचा गैरवापर झालेला नाही. अनुवादकाने दोन्ही जागी एकच शब्द योजला, आणि ज्या भेदावर निकाल उभा होता तो भेदच पुसला गेला. दोन शब्द बदलले आणि परिच्छेद सरळ झाला.

हा भेद इतर भाषांनाही सांभाळावा लागतो, याचे मेक्सिकोतले उदाहरण लक्षणीय आहे. तिथली सरकारी दूरध्वनी कंपनी टेलमेक्स १९९० मध्ये खाजगी झाली तेव्हा दूर अंतराच्या सेवेचा एकटीचा हक्कही तिला काही वर्षांसाठी सरकारी परवान्यात देण्यात आला. हा मराठीतला शुद्ध मक्ता. १९९६ मध्ये तो संपला, पण बाजारातली ताकद संपली नाही. शेवटी २०१३ च्या घटनादुरुस्तीत त्यांनी ‘प्रिपोन्देरान्ते’ अशी एक वेगळी कायदेशीर वर्गवारी आणली. दूरसंचार किंवा प्रसारण क्षेत्रात देशपातळीवर निम्म्याहून अधिक वाटा असलेल्या कंपनीवर काही जादा बंधने घालण्यासाठी ती होती, आणि वर्चस्वाचा जुना शब्द तिच्याशेजारी तसाच राहिला. मराठीत लिहिताना तिला ‘अधिवाटा असलेली कंपनी’ असे काही घडवता येईल. ‘मक्तेदार कंपनी’ मात्र म्हणू नये, कारण त्यांनी नवा शब्द आणला तो हेच टाळण्यासाठी.

‘एकाधिकार’ या शब्दाची स्थिती निराळी आहे. तो संस्कृतातून घडवलेला, राजभाषेच्या घरातला शब्द आहे आणि मराठीत तो सरकारच्या कायदेशीर एकमेव हक्कासाठी चांगला रुळला आहे. १९७० च्या दशकात महाराष्ट्रात सुरू झालेली ‘कापूस एकाधिकार खरेदी योजना’ हे त्याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण. तिच्याकडे दोन कारणांनी लक्ष द्यावे. एक, ‘मक्तेदारी खरेदी’ असे तिला सहसा कोणी म्हटले नाही, म्हणजे लोकांच्या कानाने हा फरक ओळखला होता : मक्ता सरकार दुसऱ्याला देते, एकाधिकार स्वतःकडे ठेवते. दुसरे, इथे एकटा होता तो विकणारा नव्हे, घेणारा. विखुरलेल्या लहान उत्पादकांसमोर एकच मोठा खरेदीदार, ही गरीब देशांच्या बाजारातली फार जुनी दुखरी जागा आहे आणि तिच्यासाठी आपल्याकडे वेगळा शब्द रूढ नाही. ‘खरेदीतील मक्तेदारी’ किंवा ‘खरेदीदाराचे वर्चस्व’ असे विशेषण लावूनच सांगावे लागते, आणि ते न लाजता सांगावे. ‘एकाधिकार’ला एक अडचण आहे ती शेजाऱ्याची : ‘एकाधिकारशाही’ म्हटले की मराठी वाचकाला हुकूमशाही आठवते, म्हणून खाजगी कंपन्यांसाठी हा शब्द मी टाळतो.

तिन्ही शब्द एका प्रकरणात एकत्र आलेले पाहायचे असतील, तर कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीचा खटला पाहावा. १९७३ च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने कोळशाच्या खाणी सरकारकडे आल्या, म्हणजे एकाधिकार झाला. कायद्यानेच दिलेले हे स्थान लोकहितासाठी असल्यामुळे स्पर्धा कायदा आपल्याला लागूच होत नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये तो फेटाळला. स्थान कायद्याने मिळालेले असले, तरी त्या स्थानावरून केलेले वर्तन तपासता येते, असा त्याचा अर्थ. स्पर्धा कायद्याच्या कलम १९ मध्ये वर्चस्व ठरवताना पाहायच्या गोष्टींची जी जंत्री आहे, तीत कायद्यामुळे किंवा सरकारी कंपनी असल्यामुळे मिळालेल्या मक्तेदारीचा वेगळा उल्लेखच आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मक्तेदारी हे वर्चस्वाचे एक संभाव्य उगमस्थान आहे. दोन्ही एक असती तर एकीची गणना दुसरीच्या निकषांत झाली नसती.

संगनमताचा विषय प्रश्न विचारणाऱ्या भगिनींनी काढलेला नाही, तरी जाता जाता एवढे सांगतो की, अनेक कंपन्यांनी मिळून दर ठरवले तर त्यालाही हल्ली मथळ्यांत ‘मक्तेदारी’ म्हणतात, ते थांबायला हवे. ती ‘संगनमताने केलेली दरनिश्चिती’ होय. कायद्यात तिचे कलमही वेगळे आहे, तिसरे.

आता मूळ वाक्य. बातमीतली वस्तुस्थिती त्यांनी कळवल्याप्रमाणे अशी, की कंपनीचा हिस्सा ६० टक्के होता आणि तिने वितरकांना प्रतिस्पर्ध्यांचा माल ठेवू नये अशी अट घातली होती. तेव्हा वाक्य असे लिहावे : ‘संबंधित बाजारपेठेत ६० टक्के हिस्सा असलेल्या या कंपनीने प्रतिस्पर्ध्यांचा माल न ठेवण्याची अट वितरकांवर लादून आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला, असे ठरवून स्पर्धा आयोगाने तिच्यावर कारवाई केली.’ वाक्य लांबले आहे हे मान्य. मथळ्यासाठी ‘वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल कंपनीवर कारवाई’ एवढे पुरेसे होईल, आणि त्यात ‘मक्तेदारी’ घालायची तर त्या कंपनीला तो मक्ता कोणत्या सनदेने, परवान्याने किंवा कायद्याने मिळाला हे मजकुरात दाखवता आले पाहिजे.