रिपोर्टमधलं ‘लेव्हल १’ आणि ॲडमिशनचा फॉर्म

प्रश्न : मुलगा १८ वर्षांचा आहे. २०१२ साली डॉक्टरांनी ‘ॲस्पर्गर’ सांगितलं होतं. आता नव्या रिपोर्टमध्ये ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल १’ आलंय. आजार वाढला का? इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला जुना रिपोर्ट लावू, की काहीच दाखवू नको? – एक वडील

नमस्कार. पत्रात मुलाला गणितात ९२ गुण असल्याचं लिहिलंत, तेव्हा प्रवेश परीक्षेची तयारी चालू ठेवा. त्यावर जास्त लिहीत नाही. ‘हे कुठे बोलायचं नाही’ अशी ताकीद तुम्ही मुलाला दिलीत. रिपोर्ट आल्यापासून तो जेवायलाही खोलीबाहेर येत नाही, असंही लिहिलंत. या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे, आणि मला काळजी वाटते ती त्याची.

काहीही वाढलेलं नाही. बदलले ते निकष. डीएसएम म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाचे निकष देणारं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं पुस्तक; त्याच्या आवृत्त्या बदलतात. १९८० च्या डीएसएम-३ मध्ये लक्षणं ३० महिन्यांच्या आत सुरू झाली तरच ऑटिझम (स्वमग्नता) धरत. १९९४ मध्ये डीएसएम-४ ने ॲस्पर्गर वेगळं काढलं : बोलणं वेळेवर, बुद्धी वयाला साजेशी, पण माणसांत वावरणं अवघड. अडचण अशी झाली, की त्याच मुलाला एक डॉक्टर ॲस्पर्गर म्हणे, दुसरा ऑटिझम. म्हणून २०१३ च्या डीएसएम-५ ने हे सगळं ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ या एकाच नावाखाली आणलं. जुनं पक्कं निदान असलेल्यांनाही हेच नाव द्यावं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. लेव्हल सांगते ती मदत किती लागते एवढंच, आणि तीनपैकी १ म्हणजे सर्वांत कमी. बुद्धीशी तिचा संबंध नाही.

रिपोर्ट दडवू नका. गोंगाटात त्याला पेपर सुचत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. आवाजासारखे संवेदनांचे त्रास ॲस्पर्गरच्या जुन्या निकषांत नव्हते, डीएसएम-५ च्या निकषांत ते आले, त्यामुळे शांत खोली मागायला नव्या रिपोर्टचाच आधार आहे. मात्र नुसतं निदानाचं नाव असेल तर सवलतीचा अर्ज अडू शकतो, कारण अडचण काय ते वाचणाऱ्याला कळत नाही. डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या : सामाजिक संवादाची आणि तेच-ते वागण्याची लेव्हल वेगवेगळी, बौद्धिक किंवा भाषेची अडचण आहे की नाही, आणि परीक्षेत नेमकं काय लागेल (शांत खोली, जादा वेळ, लेखी सूचना). सवलतीचा अर्ज परीक्षेच्या फॉर्मबरोबरच द्या. हॉल तिकीट आल्यावर धावपळ करून बहुधा उपयोग होत नाही.

इंजिनिअरिंग त्याला हवंय का, हे तुमच्या दोन पानी पत्रात कुठेच नाही. आधी त्याच्या खोलीत जा, ‘तुझं काहीही बिघडलेलं नाही, मला समजायला चूक झाली’ असं सांगा. शाखेबद्दल पुढचं पत्र त्याला लिहू द्या.