वेबसाइट बघतात आणि परत फोन करतात

प्रश्न : लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे. भाच्याने वेबसाइट करून दिली, उघडली की मोठे मोठे फोटो सरकतात, गाणं वाजतं, दिसते छान. पण गिऱ्हाईक ती बघूनही फोन करून विचारतात, मालवणी मसाला काय भाव, पार्सल ठाण्याला पाठवता का, मिरची आम्ही आणली तर कांडून द्याल का. काय चुकतंय?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, फोनवर जे विचारतात नेमकं तेच पहिल्या पानावर नाहीये. आठवडाभर असे प्रश्न वहीत लिहून ठेवा, जो सगळ्यात जास्त येतो त्याचं उत्तर सगळ्यात वर टाका. भाव फोटोच्या आत नको, टाइप केलेला हवा, म्हणजे गूगलला सापडतो आणि ज्यांना दिसत नाही त्यांना त्यांचा फोन तो वाचून दाखवतो. हे खूप जण विसरतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

गाणं आजच बंद करा. लोकलमध्ये उभ्या माणसाच्या हातात अचानक गाणं वाजलं की तो आधी पान बंद करतो, मसाला राहिला बाजूला. सरकते फोटोही काढा, वाचून होईपर्यंत पुढचा येतो. एकच फोटो ठेवा आणि तो लहान करून चढवा, कारण मोबाइलवर काढलेला फोटो सहज 3-4 एमबीचा असतो, वेबसाइटला 200 केबी पुष्कळ झाले. गूगल म्हणतं पानावरची मुख्य गोष्ट 2.5 सेकंदांत दिसायला हवी, आणि दोन स्टेशनांच्या मधे नेटवर्क कसं असतं ते तुम्हाला माहितीच आहे.

हळदी रंगावर पांढरी अक्षरं असतील तर बदला, उन्हात काहीच दिसत नाही. मराठीला वर वेलांट्या खाली उकार, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा. फोन नंबरवर बोट ठेवलं की कॉल लागला पाहिजे, नंबर भरायच्या चौकटीत आकड्यांचा कीबोर्ड उघडला पाहिजे, आणि पाव किलो मसाल्यासाठी अकाउंट-पासवर्ड मागू नका हो.

मग ज्यांनी साइट बघितलीच नाहीये अशा कुणाच्या तरी हातात फोन द्या, शेजारच्या काकू चालतील, म्हणा मसाला मागवून दाखवा, आणि तुम्ही गप्प बसा, अजिबात मदत करायची नाही. जेकब नील्सन हे वेबसाइट वापरायला सोपी कशी करायची यातले मोठे जाणकार, त्यांनी 2000 सालीच लिहिलंय की 5 माणसं बसवली तरी बहुतेक अडचणी कळतात. काकू जिथे अडतील ते लिहून घ्या आणि भाच्याला आधी तेवढंच दुरुस्त करायला सांगा.