प्राध्यापक गोडबोले आणि एक इंग्रज नट

प्रश्न : ‘अ पॅसेज टु इंडिया’ हा चित्रपट नुकताच पाहिला. त्यातील प्राध्यापक गोडबोले यांची भूमिका सर ॲलेक गिनेस या इंग्रज नटाने केली असून ‘स्टार वॉर्स’मधील वृद्ध ओबी-वान केनोबीही तेच, हे श्रेयनामावली वाचल्यावर कळले; चेहऱ्यावरून ओळख पटली नसती. हे नट मूळचे रंगभूमीवरचे की पडद्यावरचे? आणि गोडबोल्यांसाठी त्यांचीच निवड का व्हावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गिनेस घडले ते रंगभूमीवर. चित्रपटात त्यांना पहिली ठळक भूमिका मिळाली ती १९४६ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, आणि तीही नाटकामुळेच. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चे त्यांनी स्वतः केलेले नाट्यरूपांतर १९३९मध्ये लंडनमध्ये रंगले होते. दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी तो प्रयोग पाहिला आणि पुढे त्याच कादंबरीवर चित्रपट काढताना हर्बर्ट पॉकेटच्या भूमिकेसाठी त्यांना बोलावून घेतले.

त्यांचा जन्म २ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये झाला. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी होती आणि वडील कोण, हे त्यांना अखेरपर्यंत खात्रीने कळले नाही. जाहिरातसंस्थेतील नोकरी सोडून ते अभिनय शिकू लागले. जॉन गिलगुड यांच्यासारख्या मातब्बर नटाची त्यांच्यावर नजर गेली आणि १९३४ साली गिलगुड यांच्या ‘हॅम्लेट’मध्ये त्यांना ऑस्रिकचे छोटे काम मिळाले. चारच वर्षांनी ओल्ड विक या नाट्यसंस्थेत टायरोन गथ्री यांनी आधुनिक वेशातील ‘हॅम्लेट’ बसवले, तेव्हा नायक गिनेस होते. महायुद्धात ते नौदलात होते आणि १९४३च्या सिसिलीवरील चढाईत सैन्य किनाऱ्यावर उतरवणारी एक नौका त्यांच्या हाताखाली होती.

भूमिकेची चाल सापडल्याशिवाय त्यांना ती भूमिका सापडत नसे. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) या चित्रपटात जपान्यांनी पत्र्याच्या तापलेल्या कोठडीत डांबलेला कर्नल निकल्सन बाहेर येऊन छाती ताठ ठेवत, पण लडखडत मैदान ओलांडतो. ती चाल गिनेस यांनी आपल्या मुलाकडून घेतली होती. पोलिओतून उठलेला तो मुलगा पुन्हा चालायला शिकत होता. याच भूमिकेला ऑस्कर मिळाले. त्याआधी ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) या विनोदी चित्रपटात एकाच सरदार घराण्यातील आठ व्यक्ती त्यांनी एकट्याने रंगवल्या होत्या, आणि त्यांतली एक स्त्री होती. रंगभूमी त्यांनी सोडली नाही, पण तिनेही त्यांना नेहमीच हात दिला असे नाही. १९५१मध्ये त्यांनी स्वतः उभा केलेला ‘हॅम्लेट’ सपशेल पडला. दोनच वर्षांनी कॅनडातील स्ट्रॅटफर्ड येथे एका मोठ्या तंबूत नव्या नाट्यमहोत्सवाचा आरंभ झाला, तो मात्र शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’मधील त्यांच्या नायकाने. पुढे १९६४ साली ब्रॉडवेवर कवी डिलन टॉमस यांची भूमिका करून त्यांनी टोनी पारितोषिक मिळवले.

आता गोडबोल्यांविषयी. लीन यांच्याकडे गिनेस यांनी सहा चित्रपट केले आणि १९८४चा हा सहावा. मूळ कादंबरीचे लेखक ई. एम. फॉर्स्टर हे देवास या मराठा संस्थानात महाराजांचे खासगी सचिव म्हणून राहिले होते. त्यामुळे हे आडनाव आणि कादंबरीच्या शेवटच्या भागात गोडबोल्यांच्या तोंडी असलेला तुकारामांच्या नावाचा गजर, दोन्ही तेथे उपरे वाटत नाहीत. चित्रपटात मात्र हा भाग जवळजवळ उरलेलाच नाही. गिनेस यांनी मेहनतीने शिकलेले नृत्यही कापले गेले, आणि दिग्दर्शकाशी असलेल्या त्यांच्या जुन्या मैत्रीत त्यावरून कटुता आली. चेहऱ्याला तपकिरी रंग फासलेला हा इंग्रज तेव्हाही अनेकांना खटकला. १९४८च्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील त्यांच्या फेगिनच्या, म्हणजे पोरांकडून चोऱ्या करवून घेणाऱ्या ज्यू म्हाताऱ्याच्या, अवाढव्य नाकावरूनही ज्यूंची विटंबना झाल्याचा आरोप झाला होता आणि अमेरिकेत तो चित्रपट काटछाट होऊन १९५१मध्येच पोहोचला होता. आमचे मत विचाराल तर निवड चुकलीच. ‘अ पॅसेज टु इंडिया’च्या दोनच वर्षांपूर्वी दिग्दर्शक ॲटनबरो यांनी ‘गांधी’मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांसाठी डॉ. श्रीराम लागूंना घेतले होते. म्हणजे असा नट शोधायला फार लांब जावे लागत नव्हते. लीन यांना बहुधा भूमिकेपेक्षा जुना सोबती हवा होता.

प्रश्न : ‘स्टार वॉर्स’मुळे ते गडगंज झाले, पण तो चित्रपट त्यांना आवडत नव्हता, हे खरे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. मानधनाव्यतिरिक्त त्यांना दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्या वाट्यातील सव्वादोन टक्के रक्कम ठरली होती आणि १९७७ साली चित्रपटाने उच्चांक गाठल्यावर त्यातून मोठी प्राप्ती झाली. संवाद मात्र त्यांना रद्दी वाटत, आणि चाहत्यांच्या पत्रांच्या ढिगाने ते वैतागत. आपल्याला त्यांचा थकलेला, आतल्या गाठीचा म्हातारा पाहायचा असेल, तर ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७९) ही बीबीसीची मालिका पाहावी. तिच्यात जॉर्ज स्मायली नावाचा हेर चष्मा पुसतो, गप्प बसतो, ऐकून घेतो, आणि समोरचा माणूस आपणहून बोलून जातो.